वाचकांचे प्रश्न : जंगलाकाठच्या गावाने पर्यटनासाठी पैसा कुठून आणावा?

गावाने स्वतः चालवलेले पर्यटन आणि वन्यजीवांचे संरक्षण या विषयावर या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : भांडवल कोठून आणावे आणि आल्यावर ते कशावर खर्च करावे. पहिल्या पत्रातील प्रश्न अनेक गावांना लागू पडणारा असल्यामुळे त्याचे उत्तर विस्ताराने दिले आहे.

प्रश्न : आमचे मूळ गाव आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकर अभयारण्याला लागून आहे. नोकरीनिमित्त पुण्यात स्थायिक झालेल्या आम्हा गावकऱ्यांचे एक मंडळ आहे. गावातील मुलांना गावातच रोजगार मिळावा आणि शेकरूचे जंगलही राहावे, या हेतूने आम्ही वर्गणीतून काही लाख रुपये जमवले आहेत. त्यातून पर्यटकांसाठी चार खोल्या बांधाव्यात, असे मंडळातील बहुतेकांचे मत आहे. उरलेल्या रकमेसाठी सरकारी मदत मिळेल का? आणि मुळात हा विचार योग्य आहे का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. खोल्या बांधू नयेत. निदान त्यांनी सुरुवात करू नये.

याचे पहिले कारण कायद्याचे आहे. भीमाशंकर अभयारण्य 1985 मध्ये घोषित झाले आणि त्याभोवतीचा पट्टा आता पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र आहे. अशा क्षेत्रांच्या अधिसूचनांमध्ये अभयारण्याच्या सीमेपासून एक किलोमीटरच्या आत नव्या व्यापारी हॉटेल-रिसॉर्टच्या बांधकामास साधारणतः मनाई असते आणि निसर्ग पर्यटनासाठी लहान, तात्पुरत्या स्वरूपाच्या सोयींपुरतीच सवलत असते. शिवाय आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार ती बिगर-आदिवासी व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या नावे करण्यास जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. मंडळाच्या नावावर जागा घेऊन बांधकाम करण्याचा विचार असेल, तर तो येथेच थांबलेला बरा.

दुसरे कारण व्यवहाराचे आहे. पुण्याहून येणारी गर्दी पावसाळ्यातील शनिवार-रविवारी, श्रावणात आणि महाशिवरात्रीला लोटते. इतर दिवशी खोल्या रिकाम्या राहतात. मात्र गळणारे छप्पर आणि विजेचे बिल वर्षभर चालू राहते. सरकारी निधीतून उभारलेली आणि उद्घाटनानंतर कुलूप लागलेली पर्यटक निवासे सह्याद्रीत फिरणाऱ्याने पाहिली नसतील असे नाही. इमारतीसाठी पैसे मिळवणे तुलनेने सोपे असते, कारण देणाऱ्याला कोनशिलेवर नाव दिसते. ती चालवण्यासाठी मिळवणे फार अवघड असते.

याउलट रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासचा क्रम पाहावा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 मध्ये तेथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखण्याचे काम सुरू केले. त्या वेळी पर्यटनाचा विषयच नव्हता. अंडी चोरीला जात होती आणि ती वाचवणे हाच हेतू होता. कासव महोत्सव काही वर्षांनी सुरू झाला आणि पाहुणे उतरले ते गावकऱ्यांच्या राहत्या घरांत, जेवले ते त्याच घरांतील स्वयंपाक. नवे हॉटेल उभे न करता उत्पन्न अनेक घरांत गेले आणि पिल्ले समुद्रात सुखरूप जाण्यात त्या घरांचा हितसंबंध तयार झाला. राखण आधी, पाहुणे नंतर, हा क्रम मला निर्णायक वाटतो. पर्यटन आधी आणून त्यातून संरक्षण उभे राहील, असे गृहीत धरणाऱ्या योजनांत संरक्षणाची पाळी सहसा येतच नाही.

आता पैशाविषयी. आपल्याला लागणाऱ्या खर्चाचे दोन भाग करावेत : ज्यातून कोणा एका घराला उत्पन्न मिळणार आहे तो, आणि ज्यातून कोणालाच थेट उत्पन्न मिळणार नाही पण ज्यावाचून बाकीचे सगळे कोसळेल तो. पहिल्या भागात घरातील स्वच्छतागृहाची दुरुस्ती, गाद्या-चादरी, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र, जास्तीची भांडी ही खरेदी येते. हा खर्च देणगीतून करू नये, तो लहान कर्जातून व्हावा. ‘उमेद’ अभियानाखालील महिला बचत गटांना बँकांकडून 20 लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकते, आणि होमस्टेसाठी मुद्रा कर्ज देण्याची घोषणा 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली आहे. कर्ज फेडायचे आहे म्हटल्यावर घर पाहुण्यांसाठी खरोखरच तयार ठेवले जाते. फुकट मिळालेल्या गाद्या वर्षभरात लग्नघरी फिरू लागतात.

आपली वर्गणी दुसऱ्या भागासाठी राखावी. वाटाड्यांचे प्रशिक्षण आणि प्रथमोपचार, कचरा गावाबाहेर नेण्याची व्यवस्था, आरक्षण आणि हिशेब पाहणाऱ्या एका मुलाचा किंवा मुलीचा पहिल्या वर्षाचा पगार, कोणत्या वाटेवर दिवसाला किती माणसे सोडावीत याची पाहणी, आणि ज्यांचे वासरू बिबट्याने नेले किंवा भात रानडुकरांनी लोळवले त्यांच्यासाठी एक राखीव रक्कम, हे सारे त्यात येते. यातल्या शेवटच्या बाबीवर मी विशेष भर देईन. वन विभागाची नुकसानभरपाई मिळते, परंतु पंचनामा, कागद आणि प्रतीक्षा यांत महिने जातात. गावाच्या निधीतून आठवड्याभरात अर्धी रक्कम हातात पडली, तर जंगलाबद्दलचा राग तेवढा खाली येतो. जंगलाच्या शेजाराचा तोटा ज्या घराला होतो, त्या घरापर्यंत पर्यटनाचा पैसा पोहोचत नसेल, तर त्या पैशाने वन्यजीव वाचतात असे म्हणण्याला आधार उरत नाही. बहुधा घडते उलटच : रस्त्याकडेला मोठे घर असणाऱ्याकडे पाहुणे उतरतात आणि रानाच्या कडेला ज्याची खाचरे आहेत त्याच्याकडे फक्त डुकरे.

सरकारी मदतीचे काही मार्ग आपल्या गावाला खुले असू शकतात. गाव अनुसूचित क्षेत्रात असेल, तर पेसा (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींचा कायदा) लागू असलेल्या ग्रामपंचायतींना मिळणारा पाच टक्के अबंध निधी हा पहिला मार्ग आहे. ज्या कामांवर तो खर्च करता येतो त्यांत वन्यजीव संवर्धन, वन्यजीव पर्यटन आणि वनउपजीविका यांचा समावेश आहे आणि त्याचा आराखडा ग्रामसभेने ठरवायचा असतो. दुसरा मार्ग डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेचा आहे. संरक्षित क्षेत्रांलगतच्या गावांसाठी राज्याने 2015 मध्ये आणलेल्या या योजनेचे काम गावातील परिस्थितीकीय विकास समितीमार्फत चालते. आपल्या गावात अशी समिती कागदावर असण्याची शक्यता आहे. तिची शेवटची बैठक कधी झाली, हे वनपालांकडे जाऊन विचारावे. याखेरीज 2006 च्या वनहक्क कायद्याखाली गावाने सामूहिक वनहक्काचा दावा केला आहे का, हेही पाहावे. जंगलाच्या व्यवस्थापनात गावाला कायदेशीर शब्द असणे हे कोणत्याही अनुदानापेक्षा टिकाऊ भांडवल आहे, कारण उद्या एखादी बाहेरची कंपनी त्याच वाटेवर सहली आणू लागली तर गावाला बोलता येईल.

राहिला प्रश्न मंडळाच्या भूमिकेचा. पुण्यातील मंडळाने पैसे द्यावेत, हिशेब मागावा, परंतु मालकी आणि मताधिकार मागू नये. पहिला पाहुणा येण्यापूर्वी वाटणीचा नियम ग्रामसभेत लेखी मंजूर करून घ्यावा : घराला किती, वाटाड्याला किती, गावनिधीला किती, पाहुणे घरांना पाळीपाळीने कसे द्यायचे. लडाखमधील हिमबिबट्याच्या प्रदेशात चालणाऱ्या ‘हिमालयन होमस्टे’ उपक्रमात उत्पन्नाचा दहा टक्के भाग गावाच्या संवर्धन निधीत जातो. आपले प्रमाण वेगळे असू शकेल, पण ते आधी ठरलेले असावे. आणखी एक गोष्ट मंडळातील पुरुषांनी मनावर घ्यावी. पाहुण्यांचा स्वयंपाक, धुणे आणि झाडलोट घरातील बाई करते आणि पैसे मात्र कर्त्या पुरुषाच्या खात्यात जातात, हे सर्रास दिसते. घराच्या वाट्याची रक्कम तिच्या खात्यात जमा होईल, असा नियम पहिल्याच ठरावात घालावा; पुढे तो घालणे जड जाते.

प्रश्न : मी पिंपरी-चिंचवडमधील एका कंपनीत सामाजिक उत्तरदायित्व विभागात काम करतो. भिगवण परिसरातील मच्छीमारांच्या नौका-पर्यटनाला आमच्या निधीतून नौका देता येतील का? लेखापरीक्षक म्हणतात की हा व्यवसाय आहे, समाजकार्य नव्हे.
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : लेखापरीक्षकांची शंका रास्त आहे, पण तिला उत्तर आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम १३५ नुसार 500 कोटींची निव्वळ संपत्ती, 1000 कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक मर्यादा ओलांडणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम खर्च करायची असते. कोणत्या कामांवर ती करायची, हे सातव्या अनुसूचीत दिलेले आहे. तीत उपजीविकावृद्धी, ग्रामविकास तसेच पर्यावरणाचा समतोल आणि वनस्पती-प्राण्यांचे संरक्षण हे तिन्ही विषय आहेत. तेव्हा विषय बसतो. नौका कोणाच्या मालकीची असेल, येथे खरी मेख आहे. भांडवली मालमत्ता नोंदणीकृत धर्मादाय संस्थेकडे, सार्वजनिक प्राधिकरणाकडे, किंवा लाभार्थींच्या बचत गटाकडे अथवा सामूहिक संस्थेकडे असावी, असे नियम सांगतात. म्हणजे एका नाविकाच्या नावावर नौका घेता येणार नाही, पण मच्छीमारांच्या गटाच्या नावावर ती घेता येईल.

माझा आग्रह मात्र नौकांपेक्षा दुसऱ्या गोष्टींसाठी राहील. उजनी धरणाच्या पाणलोटात रोहित (फ्लेमिंगो) आणि पट्टकादंब (बार-हेडेड गूज) हे पक्षी पाहण्यासाठी पुण्याहून येणाऱ्यांची हिवाळ्यातील गर्दी आधीच मोठी आहे. छायाचित्राच्या हव्यासापायी थव्यावर नौका घालून पक्षी उडवण्याचा प्रकार तेथे घडतो, आणि नौका वाढल्या की तो वाढेल. जीवरक्षक जाकिटे, नाविकांचे प्रशिक्षण, पक्ष्यांपासून किती अंतर राखायचे याचा नाविकांनी स्वतः ठरवलेला नियम, आणि तो मोडणाऱ्यास एक दिवस पाळी न देण्याची शिस्त यांसाठी निधी द्यावा. चालू प्रकल्प म्हणून नोंद केल्यास सुरुवातीचे वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत तो खर्च करता येतो. मार्चअखेरची घाई टाळण्यासाठी या तरतुदीचा उपयोग करावा. ज्या संस्थेमार्फत काम होणार तिची सीएसआर-१ नोंदणी (असा निधी घेणाऱ्या संस्थांना लागणारी नोंदणी) आहे की नाही, हे अर्थातच आधी तपासावे. आणि कर्मचाऱ्यांच्या सहली या खर्चात धरण्याचा मोह आवरावा, कारण केवळ कर्मचाऱ्यांच्या लाभाचे उपक्रम यातून वगळलेले आहेत.

प्रश्न : आमच्या इंदापूर भागात माळरानावर सफारी सुरू झाल्यापासून लांडगा आणि चिंकारा पाहायला गाड्या येतात. गावातल्या काही मुलांना वाटाड्याचे काम मिळाले, हे चांगले झाले. पण आमच्या घरात मेंढरे आहेत. लांडगा पोसतो तो आमच्या मेंढरांवर आणि पैसे मिळतात दुसऱ्यांना. याला काही उपाय आहे का?
— बचत गटाची एक सदस्या, इंदापूर तालुका

उत्तर : ताई, आपल्या पत्रातील शेवटची दोन वाक्ये या साऱ्या विषयाचे सार आहेत. पुणे वन विभागाने कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथे माळरान सफारी सुरू केल्या, हे पाऊल मी महत्त्वाचे मानतो, कारण महसुली दप्तरात ‘पडीक’ म्हणून नोंदलेल्या जमिनीला प्रथमच स्वतःचे मोल मिळाले. परंतु माळरानावरील लांडगा जगतो तो बऱ्याच अंशी धनगरांच्या कळपांवर, आणि पिढ्यान्‌पिढ्या काही मेंढरे त्याच्या वाट्याची धरून चालणाऱ्या मेंढपाळांमुळेच तो टिकला. ही किंमत मोजणाऱ्याला वाटणीत जागा नसेल, तर ती सोसण्याची वृत्तीही फार दिवस टिकणार नाही.

अडचण बैठकीच्या तारखेपासून सुरू होते. पावसाळा सरला की मेंढपाळांचे अनेक वाडे (कळप घेऊन फिरणारे गट) कोकणाच्या वाटेला लागतात, आणि सफारीचा हंगाम त्याच सुमारास भरात येतो. सफारीच्या समितीचे निर्णय हिवाळ्यात झाले, तर मेंढपाळ तेथे नसतोच. म्हणून आपल्या गटाने ग्रामसभेत पहिली मागणी अशी करावी की, सफारीच्या उत्पन्नाची वाटणी कळप गावी असताना, पावसाळ्याच्या दिवसांतच ठरावी आणि समितीत मेंढपाळ कुटुंबातील स्त्री-पुरुष असावेत. दुसरी मागणी, प्रत्येक गाडीमागे ठरावीक रक्कम मेंढरांच्या निधीत जावी. सरकारी भरपाईसाठी घटनेची खबर 48 तासांच्या आत द्यावी लागते. फिरतीवरच्या मेंढपाळाला ते साधत नाही, त्यामुळे त्याचे नुकसान कागदावर येतच नाही. गावाच्या निधीला एवढे कडक नियम नकोत, दोन शेजाऱ्यांची साक्ष पुरे.

तिसरी बाब कुत्र्यांची आहे. 2023 मध्ये पुण्याजवळ लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराला जनुकीय तपासणीने दुजोरा मिळाला. भटक्या कुत्र्यांकडून लांडग्यांना रोगही लागतात. कुत्र्यांचे लसीकरण आणि नसबंदी यांत पर्यटकाला दाखवण्यासारखे काही नसल्यामुळे कोणी त्यासाठी पैसे देत नाही. सफारीच्या उत्पन्नातला एक हिस्सा तिकडे वळवण्याची सूचना आपला गट करू शकतो, आणि मेंढरांच्या कळपांनाही त्याचा फायदाच आहे. एक गोष्ट मात्र होऊ देऊ नये : निधी आला म्हणून माळावर चर खणून झाडे लावणे. चिंकाऱ्याला आणि मेंढरांना दोघांनाही गवत हवे आहे.

प्रश्न : पर्यटनावर अवलंबून असलेले संरक्षण करोनाकाळात उघडे पडले नाही का? मग पुन्हा तोच मार्ग का सुचवला जातो?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : पडले, यात वाद नाही. नामिबियाने 1996 मध्ये कायदा करून गावांच्या संघटनांना वन्यजीवांपासून मिळणाऱ्या उत्पन्नाचा हक्क दिला आणि जगभर त्याचे दाखले दिले गेले. 2020 मध्ये पर्यटक थांबताच तेथील राखणदारांचे पगार देणे अवघड झाले आणि बाहेरून तातडीची मदत उभारावी लागली. तथापि त्या संघटना मोडल्या नाहीत, कारण हक्क कायद्याने मिळालेला होता. यावरून मी एवढेच म्हणेन की राखणदाराचा पगार पर्यटनाच्या चालू उत्पन्नावर ठेवू नये आणि चांगल्या हंगामातील काही भाग ठेवीत टाकावा. नेपाळमध्ये राष्ट्रीय उद्यानांच्या उत्पन्नाचा 30 ते 50 टक्के भाग बफर क्षेत्रातील लोकांसाठी खर्च करण्याची कायदेशीर तरतूद आहे. आपल्याकडे 2006 च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानांची सोय झाली, त्यामुळे ताडोबासारख्या ठिकाणी प्रवेशशुल्क सरकारी तिजोरीत न जाता तेथेच राहू शकते. मात्र ही सोय व्याघ्र प्रकल्पांपुरती आहे. भीमाशंकरसारख्या अभयारण्यांना आणि संरक्षित नसलेल्या माळरानांना ती नाही, आणि धोरण बदलायचे तर येथे बदलावे.

गर्दीही संरक्षणाच्या मुळावर येते. साताऱ्याजवळच्या कास पठारावर गावांची समिती शुल्क घेते आणि दिवसाला तीन हजारांची मर्यादा आहे, ही चांगली बाजू. पण गर्दी आवरण्यासाठी घातलेल्या कुंपणाने गुरांची चराई थांबली आणि त्याचा फुलांवर परिणाम होतो अशी तक्रार आल्यावर ते कुंपण काढावे लागले. जून महिन्यात भंडारदरा आणि राजमाचीकडे काजवे पाहण्यासाठी लागणाऱ्या गाड्यांच्या रांगांविषयी वेगळे सांगायला नको. ज्या उजेडात काजव्यांना जोडीदार दिसेनासा होतो, तो आपल्याच गाडीच्या दिव्यांचा असतो.

प्रश्न : सहलीला जाताना आपले पैसे खरोखर गावाला मिळतात की नाही, हे कसे ओळखावे?
— एक वाचिका, कर्वेनगर

उत्तर : आरक्षण करतानाच विचारावे की मुक्काम कोणाच्या घरी आहे, वाटाड्या कोणत्या गावचा आहे आणि गावनिधीत किती रक्कम जाते. प्रामाणिक आयोजक हे तिन्ही आकडे-नावे तत्काळ सांगतो. ‘स्थानिकांना रोजगार’ एवढेच मोघम उत्तर आले, तर स्थानिकांना बहुधा भांडी घासण्याचे आणि गाड्या लावण्याचे काम मिळालेले असते. दरात घासाघीस करू नये, हेही सांगून ठेवतो. बाणेरच्या उपाहारगृहात आपण ती करत नाही.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत असतो आणि आमच्या गावच्या न्यासाला या कामासाठी देणगी पाठवू इच्छितो. न्यासाकडे परदेशी देणगीची नोंदणी नाही. काही अडचण येईल का?
— एक ज्येष्ठ वाचक, औंध

उत्तर : ते मुलाच्या नागरिकत्वावर अवलंबून आहे, राहण्याच्या ठिकाणावर नव्हे. त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत रक्कम पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी मानली जात नाही. त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, तर तो भारतीय वंशाचा असला आणि त्याच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले, तरी ती परदेशी देणगी ठरते आणि नोंदणी अथवा पूर्वपरवानगीशिवाय न्यासाला ती स्वीकारता येत नाही. नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेमार्फत ती वळती करून घेण्याचा मार्गही 2020 च्या दुरुस्तीने बंद झाला आहे. म्हणून रक्कम स्वीकारण्यापूर्वी न्यासाने मुलाच्या पासपोर्टची प्रत मागून पावतीच्या स्थळप्रतीसोबत जोडून ठेवावी.